टेकडीवर चढूनच फोन लावायचा काय?

आमच्या गावात पाण्याच्या टाकीमागे एक लहानशी टेकडी आहे. पूर्वी तिथे गुराखी पोरे सावलीला बसत. आता सकाळ-संध्याकाळ तिथे माणसांची वर्दळ असते. कुणी पुण्याला कामाला गेलेल्या मुलाशी बोलायला येतो, कुणी बँकेचा ओटीपी यायची वाट पाहत उभा असतो, तर कुणी नुसताच हात उंच करून मोबाइलच्या काड्या मोजत असतो. गावातली पोरे या टेकडीला गमतीने ‘टेलिफोन ऑफिस’ म्हणतात. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, परंतु जुलै २०२४ मधील एका रात्रीनंतर आम्हाला तिच्यावर हसू येत नाही.

राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघाले की मोताळा तालुका लागतो. ज्ञानगंगेच्या जंगलाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचे गाव आहे. नोकरीनिमित्त आम्ही बुलडाण्यास राहतो, पण शनिवार-रविवार गावीच असतो. त्या शनिवारी रात्री पाऊस चालू होता आणि लाइट गेली होती. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे अवकाश होता. घरात तीन मोबाइल होते. तिन्हींवर १०८ लावून पाहिला, एकावरही लागेना. आमच्या खिशातला मोबाइलही मुकाच. शेवटी वहिनींचा धाकटा दीर भर पावसात, अंधारात टेकडीवर धावला. तिथे एक काडी दिसली आणि फोन लागला. परंतु चढण्या-उतरण्यात आणि लावण्यात पाऊण तास गेला. गाडी येईपर्यंत वाट पाहण्याची वहिनींच्या सासूबाईंची छाती झाली नाही. त्यांनी गावातली एक जीप काढायला लावली आणि वाटेतच १०८ ची गाडी भेटली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्या सासूबाई आम्हाला जे बोलल्या ते काळजाला लागले.

“भाऊ, तुम्ही हापिसात बसता, अर्ज लिहिता. मंग ह्या डबड्याले आमी दर महिन्याले पैसे कायले भरतो, हे तरी कोनाले पुसा!”

त्या माउलीचा प्रश्न बिनतोड होता. पैसे आधी भरायचे आणि सेवा नशिबावर सोडायची, असा व्यवहार आपण किराणा दुकानदाराशी करतो काय? मापात पाव किलो कमी भरले तर आपण तिथल्या तिथे भांडतो. मग मोबाइलच्या बाबतीतच आपण “रेंज नाही, काय करता” असे म्हणून कपाळाला हात का लावतो?

चैनीची वस्तू राहिली नाही

वाचकांपैकी जे आमच्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, पूर्वी गावात तार आली की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला तत्कालीन केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी ते बोलणे केले होते. त्या काळी मोबाइल ही श्रीमंतांची मिजास होती. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. गोरगरिबाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

आज परिस्थिती उलट झाली आहे. श्रीमंताच्या घरी मोबाइल नसला तर त्याची गैरसोय होईल, गरिबाच्या घरी रेंज नसली तर त्याचा हक्क बुडेल. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा तर यंत्राला नेटवर्क पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटो काढून घेणे सक्तीचे केले गेले. २०२१ पासून राज्यात शेतातल्या पिकाची नोंद मोबाइलवरून सुरू झाली. मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर आणि त्याचा ओटीपी मोबाइलवर. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या बाया मोबाइल घेऊन टेकडीवर रांगेने बसल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, तो यायचा अर्ध्या तासाने!

कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली तेव्हा तर हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. कोकणात कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीला २०२० साली अभ्यासासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागले होते. आपल्या जिल्ह्यातही जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या रांगेत वसलेल्या आदिवासी गावांची अवस्था आमच्यापेक्षा कठीण आहे. आमच्याकडे निदान टेकडीवर काडी दिसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जेव्हा शासनच आपले व्यवहार मोबाइलवर नेते, तेव्हा रेंज ही वीज-पाण्यासारखीच गरजेची वस्तू ठरते. तिच्यासाठी दाद मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

रेंज जाते कशी?

तक्रार करायची तर आधी दुखणे कळले पाहिजे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, विज्ञानाशी आमचा संबंध शाळेपुरताच. परंतु या निमित्ताने जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले ते सोप्या शब्दांत सांगतो.

पहिले कारण भूगोलाचे. मोबाइलच्या लहरी टॉवरपासून निघून साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या मागे जशी उन्हाची सावली पडते तशी लहरींचीही सावली पडते. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत. घाटाच्या पायथ्याची गावे नेमकी या सावलीत सापडतात. त्यातही कमी कंपनसंख्येच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतून आत शिरतात. जास्त कंपनसंख्येच्या लहरी थोड्या अंतरात विरतात, मात्र त्या माहिती जास्त वाहून नेतात. टिनाच्या पत्र्याखाली रेंज कमी होते तीही याच अडथळ्यामुळे.

दुसरे कारण विजेचे. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, आणि काही ठिकाणी डिझेलचे जनरेटर, यांवर तो चालतो. बॅटऱ्या जुन्या झाल्या वा चोरीला गेल्या की लाइटसोबत रेंजही जाते. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे असतात, त्यामुळे कधीकधी सगळ्यांचेच फोन एकदम बंद पडतात.

तिसरे कारण जोडणीचे. टॉवरला पुढच्या केंद्राशी जोडणारी तार जमिनीखालून जाते. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की टॉवर उभा असून निरुपयोगी.

चौथे कारण गर्दीचे. मोबाइलवर काड्या पूर्ण दिसतात पण काही उघडत नाही, असे संध्याकाळी होते. एकाच टॉवरवर साऱ्या गावाचा भार पडला की एस.टी.च्या बसमध्ये यात्रेची गर्दी शिरल्यासारखी गत होते.

आणि पाचवे कारण आपल्या हातातले. काही कंपन्यांचे सिम जुन्या टू-जी मोबाइलवर चालतच नाही. काही वेळा मोबाइलमध्ये फोर-जी वरून बोलण्याची सोय बंद ठेवलेली असते. म्हणून तक्रारीपूर्वी आपले सिम दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि दुसऱ्याचे आपल्या मोबाइलमध्ये घालून पाहावे. दोष सिमचा, मोबाइलचा की टॉवरचा हे पाच मिनिटांत कळते.

पहिली तक्रार फुकट गेली

त्या रात्रीनंतर आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी असा प्रकार आहे. १९८ हा सर्व कंपन्यांचा तक्रारीचा क्रमांक आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. आता रेंज नाही ही तक्रार करायलाही रेंज लागते, म्हणून टेकडीवर गेलो! पलीकडच्या ताईंनी गोड आवाजात सारे ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. निवारण कसले? त्या दिवशीही लाइट गेल्याबरोबर रेंज गेली होती.

आम्ही चिडलो आणि गप्प बसलो. हीच आमची चूक झाली. पुढची पायरी आम्हाला माहीत नव्हती आणि आम्ही ती कुणाला विचारलीही नाही. कार्यालयात दुसऱ्यांच्या अर्जावर शेरे मारणारे आम्ही, पण स्वतःच्या हक्काच्या अर्जाबाबत अडाणी निघालो. वाचकांवर ही पाळी येऊ नये म्हणून पुढचा तपशील देत आहोत. तो कात्रण काढून ठेवण्याजोगा आहे.

तक्रारीच्या पायऱ्या

दूरसंचार क्षेत्रावर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ च्या कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, स्थापन झाले. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवीत नाही. परंतु कंपन्यांनी तक्रारी कशा सोडवाव्यात याचे नियम तिने २०१२ साली घालून दिले. ते असे आहेत :

१) कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, म्हणजे १९८ वर, तक्रार नोंदवावी. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र डॉकेट क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा क्रमांक म्हणजे आपल्या अर्जावरचा आवक शिक्का समजा. तो वहीत लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

२) ठरलेल्या मुदतीत तक्रार सुटली नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. अपिलाला फी नाही. ते पत्राने, ईमेलने किंवा समक्ष देता येते. अपील ३९ दिवसांत निकाली काढले पाहिजे. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही प्रतिनिधी असतो.

३) तिथेही दाद न मिळाल्यास, किंवा सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई हवी असल्यास, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असे मानले जाऊ लागले होते. जुन्या तार अधिनियमातील लवादाच्या कलमाचा तो आधार होता. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात स्पष्ट केले की, त्या कलमामुळे ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क हिरावला जात नाही. म्हणजे बंद झालेले दार पुन्हा उघडले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणखी एक नियम नवीन आहे. सेवेच्या दर्जाबाबत ट्रायने २०२४ साली नवे विनियम केले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार कंपन्यांनी कुठे कोणती सेवा मिळते याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला पाहिजे. जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर प्रीपेड ग्राहकाला मुदत वाढवून आणि पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट देऊन भरपाई करायची आहे. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे.

परंतु खोटी आशा दाखवणे आम्हाला मान्य नाही. मध्येच कॉल तुटला तर एक रुपया भरपाई, असा नियम ट्रायने २०१५ साली केला होता. तो कंपन्यांच्या दाव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी रद्द केला. तसेच प्रत्येक घरात रेंज पोहोचलीच पाहिजे असे बंधन कंपनीच्या परवान्यात नाही. म्हणून जिथे सेवा कधी नव्हतीच तिथे मागणी करावी लागते. मात्र जिथे सेवा होती आणि बिघडली, तिथे तक्रारीचा हक्क पक्का आहे. या दोहोंतला फरक न समजल्यामुळे पुष्कळ अर्ज वाया जातात.

वहीने केलेले काम

सप्टेंबरमध्ये एका रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक घेतली. पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे “मोर्चा काढा, टॉवरले कुलूप ठोका” असे म्हणू लागली. टॉवरला कुलूप ठोकले तर आहे ती काडीही जाईल, हे त्यांना सांगावे लागले. एका काकांनी दुसराच मुद्दा काढला. “टावर जवळ आला तं बिमाऱ्या येतीन,” असे त्यांचे म्हणणे. त्यांची शंका उडवून लावणे बरोबर नव्हते. आम्ही माहिती दिली की, टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. मर्यादा पाळली जाते की नाही याची तपासणीही मागता येते.

शेवटी मार्ग सुचवला तो बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने. ती म्हणाली, “सर नेहमी म्हणतात, प्रयोगाची नोंद ठेवा. आपण रेंजची नोंद ठेवू.” आम्हाला तिचे कौतुक वाटले. दोनशे पानी वही आणली. रकाने आखले : तारीख, वेळ, कोणत्या ठिकाणी, लाइट होती की नव्हती, कोणाचा फोन लागला नाही. त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी महिनाभर ही वही चालवली. शेतातून आलेल्या बाया सांगायच्या आणि मुली लिहायच्या.

महिन्याअखेर वही उघडली तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आमच्या कंपनीची रेंज हमखास जाते आणि लाइट आल्यावर काही वेळाने परत येते. म्हणजे टॉवरच्या बॅटरीचे दुखणे. दोन, डोंगराकडच्या शेवटच्या ओळीतील घरांत लाइट असो वा नसो, रेंज नसतेच. म्हणजे डोंगराच्या सावलीचे दुखणे. ज्याला आम्ही एकच रोग समजत होतो ते दोन रोग निघाले!

नियमाप्रमाणे तक्रार ही ज्याच्या त्याच्या नावावरच्या क्रमांकाची असते. म्हणून नुसते सह्यांचे निवेदन न देता त्या कंपनीच्या अकरा ग्राहकांनी अकरा स्वतंत्र तक्रारी नोंदवल्या. अकरा डॉकेट क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. अपेक्षेप्रमाणे “निवारण झाले” असे मेसेज आले. या वेळी मात्र आम्ही गप्प बसलो नाही. मुदतीच्या आत अकरा अपिले वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्यांतील चार अपिले बायांच्या नावावर होती, कारण सिम त्यांच्या नावावर होते. वहिनींच्या सासूबाईंनी अंगठा न लावता सही केली. ती सही त्यांनी नातीकडून आठवडाभर गिरवून घेतली होती.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस गावात आला. टॉवरचे कपाट उघडून पाहिले तर बॅटऱ्या निकामी झालेल्या. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की वरच्या पडद्यावर टॉवर ‘चालू’ दिसत असे, कारण तपासायच्या वेळी लाइट असायची. नोव्हेंबरअखेर नवीन बॅटऱ्या बसल्या. आता लाइट गेली तरी रात्रभर रेंज टिकते.

डोंगराकडच्या ओळीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कंपनीने अपिलाच्या उत्तरात सांगितले की तेवढ्या घरांसाठी नवीन टॉवर उभारण्याचा तूर्त विचार नाही. उत्तर कडू होते, पण ते लेखी होते.

नंबर तोच, कंपनी दुसरी

मग त्या ओळीपुरता दुसरा उपाय केला. निरनिराळ्या कंपन्यांची सिमे घेऊन पोरे घरोघर फिरली. एका कंपनीचा टॉवर दुसऱ्या दिशेला असल्याने तिची रेंज त्या घरांत मिळत होती. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. मोबाइलवरून PORT या अक्षरांऐवजी काही भलतेच लिहिल्याने दोघांचे मेसेज फुकट गेले, म्हणून रीत नीट सांगतो. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, मग एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक लिहावा आणि १९०० वर पाठवावा. उत्तरात आठ अक्षरांचा संकेतांक येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार कार्ड घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात जावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, बिल थकलेले नसावे आणि सिम नुकतेच बदलले असल्यास सात दिवस थांबावे लागते. एकाच सर्कलमध्ये साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत काम होते.

पण पोर्ट करण्याआधी दुसऱ्याचे सिम आपल्या घरात, आपल्या खाटेवर, आपल्या चुलीजवळ तपासून पाहा. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. त्याच्या दुकानात रेंज असतेच.

खर्चाची एक गोष्ट बायांसाठी. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. साधा मोबाइल वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही इंटरनेटसह महागडे रिचार्ज मारावे लागे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढून फक्त बोलणे आणि मेसेज यांचे वेगळे रिचार्ज ठेवायला कंपन्यांना भाग पाडले. घरात साधा मोबाइल असेल तर दुकानदाराकडे तेच मागावे. तो स्वतःहून सांगणार नाही.

गावाने मिळून करायचे काम

जिथे कुठल्याच कंपनीचा टॉवर नाही, तिथे तक्रारीचा नव्हे तर मागणीचा मार्ग आहे. मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दुर्गम भागात सेवा पोहोचविण्यासाठी शासन घेत आले आहे. पूर्वी तिला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी असे नाव आहे. म्हणजे आपण भरलेल्या रिचार्जचाच तो अंश आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी देशातील २४,६८० सेवाहीन गावांत फोर-जी पोहोचविण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ती भारत संचार निगमकडे सोपवली. आपले गाव अशा यादीत आहे काय, नसल्यास का नाही, हे माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत विचारता येते. खासगी कंपनी माहिती अधिकारात येत नाही, भारत संचार निगम येते.

त्यासोबत ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठरावात “रेंज नाही” एवढेच न लिहिता किती घरे, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, जवळचा टॉवर किती अंतरावर आणि टॉवरसाठी गावठाणातील कोणती जागा देता येईल हे लिहावे. जंगलाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते, म्हणून हद्दीबाहेरची जागा सुचवलेली बरी.

इथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. “तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला इतके हजार भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा” असे फोन आणि पत्रे येतात. त्यांवर ट्रायचे वा शासनाचे खोटे शिक्केही असतात. ट्राय असे प्रमाणपत्र कधीच देत नाही. जागेचे भाडे कंपनीने शेतकऱ्याला द्यायचे असते, शेतकऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात. जो आधी पैसे मागतो तो चोर समजावा.

वही बंद करायची नाही

वहिनींची मुलगी आता चालू लागली आहे. मध्यंतरी गावी गेलो तेव्हा तिची आजी ओट्यावर बसून पुण्याच्या मुलाशी मोबाइलवर बोलत होती. आम्हाला पाहून म्हणाली, “भाऊ, आता मले टेकडीवर चढा नाही लागत.” एवढ्या एका वाक्यासाठी अकरा तक्रारी, अकरा अपिले आणि दोनशे पानी वही लागली.

वही मात्र बंद केलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील कार्यकर्ते आले होते, त्यांनी तिचे रकाने उतरवून नेले. डोंगराकडच्या ओळीसाठी ग्रामसभेचा ठराव झाला आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. ते आले नाही तर स्मरणपत्र, तरीही नाही तर पुन्हा स्मरणपत्र, असे आम्ही ठरवले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांना राग लवकर येतो आणि तितक्याच लवकर जातो. कंपनीला त्याचीच सवय झालेली असते. म्हणून राग वहीत लिहा. तारीख घाला, वेळ घाला, डॉकेट क्रमांक घाला. आणि हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे द्या. तिला अर्ज कसा लिहावा हे कळेल, आणि तिने लिहिलेला अर्ज उत्तर मिळेपर्यंत कसा लावून धरायचा हे घरातल्या मोठ्यांना कळेल.